फिटरांची शिफारस

माझ्या साडूंना आमच्या घरात सगळे फिटर म्हणतात. नाव आहे, आजोबांनी हौसेने ठेवलेलं आहे, पण ते आता फक्त अर्जावर वापरलं जातं. साडू हे नातं तसं चमत्कारिकच. भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण जोडतो, साडू मात्र तिसऱ्याच कुणीतरी पसंत केलेला असतो आणि लग्नाच्या फोटोत आपल्या शेजारी आणून उभा केलेला असतो. माझ्या वाट्याला आलेला साडू नशिबाने बरा निघाला. इतकंच म्हणतो. जास्त कौतुक माझ्या हातून एकदा होऊन गेलंय, आणि ही त्याचीच हकीकत आहे.

फिटर आमच्याकडे येऊन दोन वर्षं उलटून गेली. तिकडे ज्या कारखान्यात त्यांनी सतरा वर्षं यंत्रं बसवली, तो बंद पडला. आम्ही इथे आधीपासून होतो, म्हणून ते आले आणि इथे राहून काम करायची परवानगी मिळावी असा अर्ज केला. परवानगी मिळाली की नोकरी, आणि मग माझी मेव्हणी आणि त्यांची छकुली इकडे येणार. तोवर काम करायचं नाही आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की अर्ज आपोआप बाद. थोडक्यात, मांजराने दुधासमोर बसून राहायचं, आणि मिशाही हलवायच्या नाहीत.

पहिले तीन महिने त्यांनी आमचं घर दुरुस्त केलं. दारं, कड्या, गळका नळ, करकरणारा पलंग. मग मिक्सर उघडला. मग घड्याळ. एके दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, घरात आता मोडकं काही उरलं नाही. तुम्हीच तेवढे राहिलात."

"मग?"

"मग काय मग? ते काल इस्त्री उघडून बसले होते. चांगली चालणारी इस्त्री. मी म्हटलं, भावोजी, हिला काय झालंय? तर म्हणाले, काही नाही ताई, आतून बघतोय."

रोज सकाळी ते कचेरीच्या संकेतस्थळावर अर्जाचं काय झालं ते बघायचे. काहीच झालेलं नसायचं. रात्रीच्या जेवणाआधी छकुलीचा फोन यायचा. "बाबा, कागद आला?" हा तिचा नमस्कार. पहिलीत होती ती तिसरीत गेली, अर्ज मात्र त्याच वर्गात बसून होता.

शेवटी बायकोनेच त्यांना सिस्टरबाईंकडे नेऊन सोडलं. सिस्टरबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. आमच्यापासून दोन थांब्यांवर त्या एक केंद्र चालवतात. दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसांना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या लागतील तितके दिवस वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या. तिथे सगळे फुकट राबतात, सिस्टरबाईंसकट. पगार नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे नियम मोडला नाही, असा आमचा सरळ हिशोब.

पहिल्या दिवशी त्यांना खुर्च्या पुसायला दिल्या. त्यांनी एक खुर्ची पुसली, ढकलून बघितली आणि उलटी केली. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांत माणसांचे केस अडकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. केस, लोकर, चादरीचे धागे, सगळं आसाभोवती गुंडाळत जातं आणि चाक जड होतं. बसणाऱ्याला वाटतं आपलेच हात थकले. फिटरांनी त्या दिवशी नऊ खुर्च्यांमधले केस काढले. संध्याकाळी घरी आले तेव्हा बोटं काळी होती आणि चेहरा आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

"ताई, ब्रेकसुद्धा ढिले आहेत हो सगळ्यांचे," ते म्हणाले, आणि दोन वेळा भात मागून घेतला.

मागची एक अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक खुर्चीला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधायला लागले. सकाळी नऊला जायचे, पाचला यायचे, आठवड्याचे सहा दिवस. एका आजोबांचा डावा हात चालत नव्हता, त्यांच्यासाठी दोन्ही चाकांचे ब्रेक उजव्या बाजूला घेतले. आजोबा रडले म्हणे. फिटरांनी हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात. "ब्रेक तपासायचा सोडून रडत बसले."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी मध्ये पडलो.

झालं असं की एकवीस महिने होऊन गेल्यावर कुणीतरी सांगितलं, अर्जाला चांगल्या वर्तणुकीची पत्रं जोडावीत, फाइल हलते. सिस्टरबाईंनी लगेच पत्र दिलं. तीन ओळी. हे गृहस्थ आमच्याकडे येतात. मदत करतात. आम्हाला ते आवडतात. खाली सही.

मी पत्र वाचलं आणि मला त्या बाईंची कीव आली. आमच्या घराण्यात शिफारस करायची म्हणजे हात आखडता घ्यायचा नाही. माझ्या काकांनी एका दूरच्या भाच्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र वाचून कारखान्याच्या मालकाने भाच्याऐवजी काकांनाच भेटायला बोलावलं होतं. त्या रक्ताला जागून मी बसलो आणि बाईंच्या नावाने एक पान भरलं. हे गृहस्थ आठवड्यातून सहा दिवस, नऊ ते पाच, केंद्राची संपूर्ण कार्यशाळा एकहाती सांभाळतात. असा कुशल तंत्रज्ञ पगार देऊनही आम्हाला मिळाला नसता. ते एक दिवस आले नाहीत तर केंद्राचं काम थांबतं.

सिस्टरबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "जरा मोठं झालंय."

"पण खोटं आहे का काही?"

"नाही. खोटं काही नाही," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

मी ते स्वतः पाठवलं. कुणी मागितलं नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. बावीस महिन्यांत जी कचेरी शिंकली नव्हती, तिने एकोणिसाव्या दिवशी उत्तर द्यावं, म्हणजे आमच्या पत्राचा प्रभाव. मी पाकीट हातात नाचवत आत आलो. बायकोने साखरेचा डबा काढला. फिटरांनी पाकीट कडेने नीट कापलं, वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

पगारी माणसाने करायचं काम एखाद्याने फुकट केलं तरी ते कामच धरलं जातं. सोबतच्या पत्रावरून आपण परवानगीशिवाय पूर्णवेळ नोकरीच्या स्वरूपाचं काम करत आहात असं दिसतं. आपला अर्ज का फेटाळू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा. अर्ज फेटाळला गेल्यास पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

पाच वर्षांनी छकुली तेरा वर्षांची होईल. खोलीत सगळ्यांनी मनातल्या मनात तीच वजाबाकी केली. की बेरीज, काय असेल ते.

वकिलाकडे गेलो. त्याने माझं पत्र वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"छान लिहिता." मग चष्मा काढून म्हणाला, "आता असं दाखवा, की हे तिथे नसले तरी कुणाचं काही अडत नाही."

"पण अडतं ना," मी म्हणालो.

"मग अवघड आहे."

घरी आल्यावर फिटरांना निरुपयोगी कोण ठरवेल, याचा विचार सुरू झाला. चांगुलपणाची साक्ष द्यायला दहा जण मिळतात. या माणसाचा काडीचा उपयोग नाही, हे सही करून कोण देणार? बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांच्यासाठी लागलं असतं तर मी आत्ता दिलं असतं." कुणी हसलं नाही. तिलाही हसवायचं नव्हतं. फिटर तेवढे म्हणाले, "असू द्या ताई. दादांनी चांगल्यासाठीच केलं." त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे केंद्रावर गेलो. वकिलाने सांगितल्याप्रमाणे मी मजकूर करून नेला होता. हे अधूनमधून येतात, किरकोळ पुसापुशी करतात, असा. सिस्टरबाईंनी वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"मागे सही केली ते खरं होतं. आज ह्यावर केली तर ती खोटी ठरेल. मी चाळीस वर्षं औषधांच्या कागदांवर सह्या केल्यात. खोट्याखाली एकही नाही."

"बाई, त्यांच्या मुलीचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मला कळतं. पण तुम्ही माझ्याकडून कधी लाडू मागता, कधी कारलं. मला तीन ओळी येतात. त्या मी दिल्या होत्या."

मी माझा मजकूर घडी घालून खिशात ठेवला. मग फिटर म्हणाले, "बाई, खोली बंद करा."

"कुठली?"

"मागची. दुरुस्तीची खोलीच नसली तर दुरुस्तीवाल्याची जागाही नसते. अशी पगारी जागा इथे कधी नव्हती आणि पुढेही भरणार नाही, एवढं लिहा. ते तर खरंच आहे ना?"

सिस्टरबाईंनी मागच्या दाराकडे बघितलं. "आत अकरा खुर्च्या आहेत."

"माहीत आहे."

"त्यातल्या चार परवा द्यायचा शब्द दिलाय."

"माहीत आहे, बाई. शब्द मीच दिलाय."

बाईंनी लिहिलं. या वेळी पाच ओळी झाल्या. लिहून होईपर्यंत फिटर मागच्या खोलीत गेले होते. मी गेलो तर खाली बसून एका खुर्चीचा ब्रेक आवळत होते. "एवढा एक, दादा. अर्धा झालेलाच आहे." सिस्टरबाई मागून आल्या आणि त्यांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला.

"आता नको. आता इथला एकेक नट तुमच्याविरुद्ध पुरावा आहे."

अर्धा आवळलेला ब्रेक तसाच ठेवून ते उठले. बाईंनी कुलूप लावलं. येताना रस्त्यात ते मला एकच वाक्य बोलले, "त्या खुर्चीवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावायची राहिली." मी परत जाऊन बाईंना सांगून आलो.

खुलासा पाठवला. त्यानंतरचे चार महिने कसे गेले ते मी सांगायला नको आणि तुम्ही विचारायला नको. फिटर घरात असायचे, म्हणजे खुर्चीवर असायचे. बायकोने एकदा मुद्दाम खणाच्या मुठीचा स्क्रू ढिला करून ठेवला, तेवढाच जीव रमेल म्हणून. त्यांनी मूठ हलवून बघितली आणि माझ्याकडे आले.

"दादा, हे चालतं का?"

"काय?"

"हे पिळणं. घरातलं. हेही काम धरतील का?"

मी म्हटलं, अहो, काहीतरीच काय. तरी त्यांनी वकिलाला फोन करायला लावला. वकील म्हणाला, घरातलं चालतं. मी निरोप दिला. फिटर "बरं" म्हणाले, पण स्क्रूला हात लावला नाही. तो शेवटी मीच पिळला, तिरका.

मग उत्तर आलं. खुलासा स्वीकारला होता. अर्ज फेटाळला नव्हता. चौकशीसाठी फाइल रांगेतून बाहेर काढली होती, ती आता पुन्हा रांगेत लावली आहे. रांगेतला क्रमांक आजच्या तारखेपासून धरला जाईल. निर्णयाला किती काळ लागेल हे सांगता येत नाही.

ते वाचून फिटर हसले. खरंच हसले. मग म्हणाले, "दादा, एक पत्र लिहून द्याल? अर्ज मागे घेतो म्हणून. छोटंच लिहा."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान पत्र, एक ओळ. त्यांनी पेन घेतलं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, धाकटीला विचारलंत?"

त्यांनी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बहुधा आपण एकट्याने ऐकायला नको, असं वाटलं असेल. माझी मेव्हणी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सही केलीत का?"

"नाही अजून."

"करू नका."

"अगं, पण इथे मी..."

"तिथे तुम्ही बसून आहात, मला माहीत आहे. इथे येऊन कुठे बसणार? कारखान्याच्या जागेवर गवत वाढलंय, त्यात गाढवं चरतात. छकुलीला बाप हवाय, मला नवरा हवाय, पण तुम्ही रोज सकाळी त्या गवताकडे बघत उभे राहिलेले मला बघवणार नाही. मागे एकदा तीन महिने बघितलंय."

"मग मी काय करू?"

मग ती म्हणाली, "मला काय माहीत. ताई आहे का तिथे? तिला द्या."

बायकोने फोन घेतला आणि दोघी बहिणी आत जाऊन बोलत बसल्या. फिटरांनी कागदाची घडी घातली. फाडला नाही, सहीही केली नाही. कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, तेव्हा मी हात पुढे केला, आणि तो कागद माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आलो तर साडेसात झाले होते आणि फिटर अंघोळ करून, कपडे घालून, बूट बांधून दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. बायकोने चहा दिला. कुठे निघालात, असं तिने विचारलं नाही.

चहा संपवून त्यांनी मला विचारलं, "दादा, आज वार काय?"

"बुधवार."

"बुधवारी केंद्रावर लहान मुलांच्या खुर्च्या येतात परत," ते म्हणाले, आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.