सक्तीचा विमा आणि खालची खोली

गृहकर्ज देताना बँकेने घराचा आणि आतल्या सामानाचा विमाही आमच्या गळ्यात मारला. पूर, भूकंप, वादळ, सगळं त्यात. विमा नाही तर कर्ज नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, तशी आम्ही सही केली. हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर जातो, तेव्हा कुणी काही विचारत नाही. भरपाई मागायला गेलं की मात्र सगळ्यांना प्रश्न सुचतात.

नानाखेड्याच्या आमच्या घरात वर आम्ही नवरा-बायको राहतो आणि खालच्या खोलीत माझी आई. वडील गेल्यावर मी तिला सांगलीहून उज्जैनला आणली. गुडघ्यांमुळे तिला जिना नको असतो. मागच्या पावसाळ्यात नाला फुगला आणि भल्या सकाळी पाणी तिच्या खोलीत शिरलं. गुडघे विसरून ती वर आली. शिलाई मशीन, कपाट, गाद्या, फ्रिज, सगळं खाली पाण्यात राहिलं.

पाणी ओसरल्यावर आई कुणासाठी थांबली नाही. कृष्णेचे पूर पाहिलेली बाई ती. गाळ ओला आहे तोवर काढायचा, एकदा वाळला की हाताला दाद देत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. फुगलेलं कपाट आणि गाद्या कचरागाडीत गेल्या, मशीन आणि फ्रिज दुरुस्तीला. विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा खोली धुऊन लख्ख झाली होती आणि मी शाळेत शिकवत होते. पाणी आलं तेव्हा काय झालं, असं त्याने विचारलं. आईने आपल्या हिंदीत सांगितलं, "मेरा कमरा खाली था, मैं ऊपर थी।"

मराठीत खाली म्हणजे तळाला, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्याने अहवालात लिहिलं, कमरा खाली था. सरळसरळ ध चा मा. खोलीत सामानच नव्हतं, मग नुकसान कसलं, असं म्हणून दावा फेटाळला गेला.

आईला वस्तूंचं फारसं वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खोटी ठरले का गं?" ते ऐकून माझ्या पायाची आग मस्तकात गेली.

टावर चौकाजवळच्या कंपनीच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. साहेब गोड बोलणारे. त्यांना घोळ लगेच कळला. "मैडम, बस इतना लिख दीजिए कि माताजी की उम्र हो गई है, घबराहट में कुछ का कुछ बोल गईं। क्लेम निकल जाएगा।" कागद टाइप करूनच आणला त्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनमध्ये मुरलेला माझा नवरा कानाशी लागला, "देऊन टाक ना लिहून. फालतूची झंझट कशाला?"

आईने विचारलं, "काय लिहिलंय?" मी कागद मराठीत वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला आणि साहेबांना म्हणाली, "मैं बराबर बोली। आप लिखो, आपको मराठी नहीं आती।"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, लेक तरी समजूतदार असेल. त्या कागदावर सही केली असती तर भरपाई मिळाली असती, हे मला दिसत होतं. पण भरल्या घरातून उठून परक्या भाषेत राहायला आलेल्या माझ्या आईला मी माझ्या हाताने भ्रमिष्ट ठरवणार नव्हते. कागद मी परत सरकवला आणि कोरा मागितला. पाणी कुठून आलं, खाली काय काय होतं, ती कुठे होती, हे आईने स्वतः लिहिलं, मराठीत, आणि खाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मैडम, ये पढ़ेगा कौन?"

"जो ज़बरदस्ती बीमा करवा सकते हैं," मी म्हटलं, "वो पढ़नेवाला भी ढूँढ लेंगे।"