‘न’च्या डोक्यावरची लाट

निबाल्दो कार्कामोने सोमवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, एका फोल्डरचं शुद्धलेखन सुधारलं आणि ताल्काउआनो बंदरातल्या होड्या धक्क्याला बांधून ठेवायची वेळ आणली.

फोल्डरचं नाव होतं ‘सार्दिना आनो’. स्पॅनिशमध्ये वर्षाला ‘आन्यो’ म्हणतात आणि तो लिहिताना ‘न’च्या डोक्यावर एक बारीकशी लाट काढतात. लाट विसरली की उरतो ‘आनो’, आणि ते शरीराच्या अशा ठिकाणाचं नाव आहे की डॉक्टरांपुढेही माणूस ते खाली मान घालून सांगतो. आमच्या मत्स्यसंस्थेच्या सामायिक संगणकावर हे नाव वर्षानुवर्षं सुखाने नांदत होतं. नवा माणूस आला की त्याला ते दाखवायचं. तो हसला की आपल्यातला झाला असं धरायचं. निबाल्दो हसला नव्हता. त्याची आई शाळेत भाषा शिकवायची. त्याने बरेच दिवस सोसलं आणि त्या सोमवारी लाट जिथल्या तिथे बसवली. जिथे जिथे ते नाव होतं तिथे तिथे, एका फटक्यात. मग कॉफी प्यायला गेला. घरातली वाकडी तसबीर सरळ केल्यावर वाटतं तसं त्याला वाटत होतं.

मंगळवारी सकाळी त्याने मॉडेल बांधायला घेतलं. समुद्रात सार्दिना मासळी किती उरली आहे याचा अंदाज काढणारं हे सांख्यिकी पॅकेज, जगभरच्या सज्जनांनी लिहून फुकट वाटलेलं. फुकट असल्यामुळे ते शिजवून वाढत नाहीत. मूळ मजकूर मिळतो, आणि दर हंगामात आपले आकडे घालून तो कंपायलर नावाच्या प्रोग्रामकडून नव्याने बांधून घ्यावा लागतो. निबाल्दोने हुकूम दिला. पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहून गेला आणि तळाशी गाळासारखं एकच वाक्य उरलं: ‘बांधणी फसली.’

गुरुवारी कालेतावर, म्हणजे कोळ्यांच्या धक्क्यावर, सभा होती. नवा अंदाज हातात आला तर हंगाम उघडणार. नाही आला तर गेल्या वर्षीचाच आकडा धरायचा, आणि गेल्या वर्षी मासळी रुसलेली होती. म्हणजे होड्या जागच्या जागी. अंदाज सांगायचं काम पहिल्यांदाच निबाल्दोकडे आलं होतं. आणि पहिल्या बाकावर बसणार होते त्याचे सासरे, दोन एलेउतेरिओ. हा ‘दोन’ आकडा नव्हे, मानाने ‘राव’ म्हणावं तसा. त्यांची होडी रंगवून तयार होती. जावयाबद्दलचं मत मात्र अजून तयार व्हायचं होतं.

निबाल्दोने तळाचं वाक्य उचलून इंटरनेटवर टाकलं. सर्दी झाली म्हटल्यावर गल्ली जितके उपाय सांगते तितके उपाय मिळाले. त्याने सगळे केले. कंपायलर काढून नवा आणला, पॅकेज काढून परत घातलं, यंत्र बंद करून चालू केलं. बांधणी फसतच राहिली. शिवाय आता प्रिंटरही बोलेनासा झाला.

बुधवारी एकच उपाय उरला होता, आणि निबाल्दो तो टाळत होता. तो उपाय जिन्याखालच्या खोलीत बसून पावाला पाल्ता लावत होता. अवोकॅडोला आम्ही पाल्ता म्हणतो.

ओर्तेन्सिया ओयार्सून हे नाव फक्त पगाराच्या कागदावर. बाकी जगाला ती तिया तेन्चा, म्हणजे तेन्चामावशी. शिकली मत्स्यशास्त्र. तरुणपणी होड्यांवर जाऊन पट्टीने मासे मोजायची, कप्तानांच्या शिव्या ऐकायची आणि त्यांत भर घालायची. मग मॉडेल सांभाळणारा गृहस्थ एक दिवस प्रेमात पडून उत्तरेला निघून गेला आणि कंपायलर तेन्चाच्या गळ्यात पडला. तिने त्याच्याशी कप्तानांसारखंच वागायचं ठरवलं. कप्तान धक्क्याला लागला की खरं काय ते पहिल्याच वाक्यात बोलतो, असं तिचं म्हणणं. जाळं फाटलं, इंजिन गेलं, जे असेल ते. नंतर तासभर जे चालतं ते त्या वाक्याचं रडगाणं. लोक मात्र रडगाणं संपताना येऊन पोचतात आणि त्यालाच औषध देत बसतात.

ती स्वतः काही सगळ्यात हुशार नव्हती. तिला गाडी लावता यायची नाही. संस्थेच्या फाटकाच्या खांबावर तिच्या गाडीचा रंग कायमचा होता. चष्मा डोक्यावर ठेवून ती तो सगळ्या मजल्यांवर शोधायची. पण परदेशातल्या पॅकेजवाल्यांना पत्र लिहावं ते तिनेच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती आधी चौकशी करायची: तुमच्याकडे हिवाळा फार आहे का, पाठदुखी कशी आहे. मग शेवटी, जाता जाता, तुमचं पॅकेज बांधलं जात नाही बुवा. डेन्मार्कचा एक प्राध्यापक तिला नाताळचं कार्ड पाठवायचा आणि त्यात पाठीबद्दल सविस्तर लिहायचा.

निबाल्दो दारात उभा राहिला.

“तिया, जरा येता का वर?”

“नाही. गुडघा दुखतोय. यंत्र इकडं आण.”

त्याने लॅपटॉप मेजावर ठेवला. तेन्चाने खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. तिची ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. म्हणूनच तिच्याकडे यायला सगळे कचरायचे.

“वाच.”

“तिया, शेवटी ते म्हणतंय की बांधणी...”

“शेवटचं तुझ्याकडेच ठेव. पहिल्यापासून वाच. मोठ्यानं.”

निबाल्दो वाचू लागला. स्वतःच्याच शाळेत परत आल्यासारखं वाटत होतं.

“मागे जा,” तेन्चा म्हणाली. “तिथं तुझा आवाज पळाला.”

“नुसतं फोल्डरचं नाव आहे हो.”

“मग तेच वाच.”

“‘सार्दिना आन्यो सापडत नाही.’”

“असं लिहिलंय?”

“हो.”

“अक्षरं वाच, बाळा. आईनं शिकवलीत ना?”

“आ,” निबाल्दो म्हणाला आणि थांबला. “प्रश्नचिन्ह. ओ.”

पाल्ता लावणारी सुरी थांबली.

“लाट कोणी काढली?”

निबाल्दोचे कान लाल झाले. उत्तर त्यांनीच दिलं.

“हे अक्षर तुझ्या आईला येतं, मला येतं. आपल्या या कंपायलरला येत नाही. तो बिचारा कालपासून विचारतोय, हे काय आहे म्हणून. आणि तू काय केलंस? दुसरा कंपायलर आणलास. त्यानंही तेच विचारलं.”

“मग मी ‘हंगाम’ नाव ठेवतो. शुद्ध आणि बिनलाटेचं.”

“सोमवार सकाळची प्रत आहे ना? ती जशीच्या तशी उचल. सभेच्या तोंडावर नवं नाव नको. बारसं शुक्रवारी कर.”

“तिया, ते नाव प्रत्येक आलेखाच्या डोक्यावर छापून येतं. उद्या माझे सासरे पहिल्या बाकावर असतील.”

“त्यांची होडी कुठं असायला हवी? समुद्रात की धक्क्यावर?”

निबाल्दोने जुनी प्रत उचलली. मॉडेल पहिल्या फटक्यात बांधलं गेलं.

गुरुवारी त्याने कालेतावरच्या शेडमध्ये कागद वाटले. दोन एलेउतेरिओंनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि पहिली ओळ कप्तानाच्या आवाजात वाचली. छपरावरचे सीगल उडाले इतकी शेड हसली. निबाल्दो खाली मान घालून आकडा सांगत गेला. मासळी परतली होती. आकडा कळला तशी शेड शांत झाली; मग कोणीतरी टोपी काढली, कोणीतरी धक्क्याकडे चालूही लागला. हंगाम उघडला.

दोन एलेउतेरिओ जवळ आले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली.

“जावईबापू, आकडा चांगला आणलात. पण तुम्ही लोक मासे मोजता तरी कुठं?”

लग्नानंतर सासरे त्याच्याशी पहिल्यांदाच थट्टा करत होते.

शुक्रवारी निबाल्दो गरम सोपाइपिया घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेला. तेन्चाने भोपळ्याची ती तळलेली पुरी उचलली आणि चष्मा शोधू लागली. निबाल्दोने तो तिच्या डोक्यावरून काढून दिला.

“तिया, लाट चालत नाही हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. फोल्डरचं नाव तुम्हीच ठेवलंत. मग हंगाम, मोसम, दुसरं काही सुचलं नाही?”

तेन्चाने सोपाइपिया मोडली.

“हसू आल्याशिवाय पहिली ओळ वाचतं कोण?”