मालकांची भिंत आणि बाबांचं मखर

घरमालकांनी चावी दिली तेव्हा चावीबरोबर एक कागदही दिला. भाडेकरार वेगळा, हा त्यांच्या स्वतःच्या अक्षरातला. भिंतीला रंग लावू नये. खिळा ठोकू नये. ड्रिल चालवू नये. स्टिकर, चिकटपट्टी, डबल टेप लावू नये. शेवटी ‘उदबत्ती भिंतीपासून लांब’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. मुलगा बंगळुरूहून परत येईल तेव्हा त्याला फ्लॅट कोरा करकरीत मिळावा, एवढीच त्यांची इच्छा. पण कागद वाचता वाचता मी चिडले, कारण मी चिडतेच. आई म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. भिंत त्यांची आहे.”

आम्ही दोघीच. आई शहात्तर वर्षांची, आणि मी बँकेत नोकरी करणारी, पन्नाशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळची आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, सगळे शेजारी चारी दिशांना पांगले, आणि आम्ही मानपाड्याच्या बाजूला या वन बीएचकेत आलो. नवीन बिल्डिंगला तीन वर्षं लागतील असं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. शहात्तर अधिक तीन ही बेरीज आईसमोर कोणी करत नव्हतं, पण तिने ती केलेली होती हे मला ठाऊक होतं.

बेडरूम आईची, हे आधीच ठरलं होतं. नऊ बाय दहाची खोली, एक खिडकी, आणि चारी भिंती पांढऱ्याफटक. ट्यूब लावली की रक्त तपासायला आल्यासारखं वाटायचं. जुन्या घरात तिची खोली अबोली रंगाची होती. तो रंग तिने आणि बाबांनी आठवडाभर वाद घालून निवडलेला, आणि वादात अर्थातच ती जिंकलेली. इथे ती पहिल्या दिवशी दारातून आत डोकावली, “स्वच्छ आहे हो,” म्हणाली आणि हॉलमधल्या दिवाणावर जाऊन बसली. तेव्हापासून ती दिवाणावरच झोपायला लागली. खोलीत तिचा पलंग होता, गादी होती, उशी होती, आई नव्हती.

तिच्या सामानाचे सहा खोके होते. प्रत्येकावर तिने मार्करने ‘नव्या घरी’ लिहून ठेवलं होतं. चांगले कप नव्या घरी काढायचे. नवी चादर नव्या घरी. शेजारच्या बाई चहाला या म्हणाल्या, तर “बघू, नव्या घरी गेलं की बोलावू आपणच त्यांना.” आणि या घरातलं सगळं ‘त्यांचं’. त्यांचा नळ गळतोय. त्यांच्या दाराला आवाज येतो. मार्च गेला, एप्रिल गेला. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी ती दिवाणाच्या कडेला बसायची, पर्ससुद्धा जवळ घेऊन. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती होती. पुढची तीन वर्षं ही बाई अशीच बसून काढणार, आणि तेवढीच वर्षं तिच्या हातात असली तर? ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग मी खोलीच्या मागे लागले. आधी मालकांना फोन केला. एकच भिंत, अबोली रंग, जाताना पुन्हा पांढरी करून देईन. ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, पांढऱ्यावर अबोली चढतो, पण अबोलीवर पांढरा चढत नाही हो.” माणसाने विचार केलेला होता. मग मी बिनखिळ्याचे चिकटवायचे हुक आणले, ‘भिंतीला इजा होत नाही’ असं पाकिटावर छापलेले. त्यावर कॅलेंडर लावलं. चौथ्या दिवशी कॅलेंडर, हुक आणि रुपयाएवढा रंगाचा पापुद्रा, तिघेही एकदम खाली आले. मी त्या खड्ड्यात पांढरी टूथपेस्ट भरली आणि पोस्टकार्डाने सपाट केली. आई दारात उभी राहून बघत होती. “आता त्यांच्या भिंतीला दातही घास,” म्हणाली.

मखर मला आठवलं ते शनिवारी वॉशिंग मशीन सरकवताना. गॅलरीत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, टेंपोतून आलेलं तसंच उभं होतं. बाबांनी स्वतः केलेलं ते. सागवानी पट्ट्यांच्या तीन चौकटी, मधली मोठी, बाजूच्या दोन लहान, खाली पाय, आणि सगळं जोडायला हाताने फिरवायचे दोन कानांचे नट. प्रत्येक सांध्यावर बाबांनी लाल रंगाने आकडे घातलेले, म्हणजे एकला एक आणि दोनला दोन जोडायचं, डोकं चालवायचं नाही. दर गणपतीत ते उभं राहायचं, त्यावर आईची एखादी साडी चुण्या घालून टाचायची, पुढे पाटावर मूर्ती. आमचा गणपती नऊ इंचांचा. नऊ इंचांच्या मूर्तीला सहा फुटी मखर कशाला, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. आमच्याकडचं मखर तेवढंच असतं, एवढंच मला माहीत.

रविवारी सकाळी आई देवळात गेली तेव्हा मी ते बेडरूममध्ये पलंगाच्या उशाशी, भिंतीपासून चार बोटं सोडून उभं केलं. भिंतीला स्पर्श नाही, खिळा नाही, टेप नाही. मालकांचा कागद शब्दशः पाळलेला. आईची अबोली रंगाची सुती साडी त्यावर टाचली. माझ्या चुण्या म्हणजे आनंदच होता, पण भिंत झाकली गेली. मग लक्षात आलं की आई काय म्हणणार. देवाचं मखर, आणि त्याखाली माणसाने झोपायचं? मी मनातल्या मनात उत्तरं तयार करायला लागले.

ती आली, चपला काढल्या, प्रसादाची पुडी हातात तशीच घेऊन दारात थांबली आणि मखराकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मला गप्प बसवेना.

“हे बघ, देवाचं आहे म्हणून काही सुरू करू नकोस. बाकी वर्षभर ते धूळच खातं. देव काय भाडं मागणार आहे?”

“उलटं लावलंयस,” ती म्हणाली.

“काय?”

“पाय उलटे. असे आत घातलेस तर धक्का लागला की पडेल. बाहेरच्या बाजूला हवेत.” मग ती आत आली आणि पलंगावर बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “आणि ते मखर नाहीये काही. नंतर झालं मखर.”

“मग काय होतं?”

“आडोसा.”

ठाण्याला, ज्या एका खोलीत ती लग्न होऊन आली, तिथे सासू, सासरे, दीर आणि हे दोघं. खोली भाड्याची. मालक खालीच राहायचा आणि हातोडीचा एक ठोका ऐकू आला तरी जिन्यावरून ओरडत वर यायचा. खिळा मारायला बंदी, म्हणजे दोरी बांधून पडदा लावायचीही सोय नाही. लग्नानंतर महिन्याभरात बाबांनी ते कामाला होते त्या कारखान्यातून पट्ट्या कापून आणल्या आणि स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी ही चौकट केली. झाकायला काय घालायचं, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. सासूबाई उठल्या, ट्रंकेतलं स्वतःचं एक चांगलं लुगडं काढलं, चौकटीवर टाकलं आणि एक शब्द न बोलता पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

“भाद्रपदात गणपतीला काहीतरी हवं, म्हणून दीड दिवस आम्ही तो काढून द्यायचो,” आई म्हणाली. “तेव्हा देवाचं आपण घेत नाहीयोत. देवाने आमचं घेतलेलं आहे.”

“आणि मग त्या दीड दिवसात तुम्ही दोघं...”

“गप गं,” ती म्हणाली आणि प्रसादाची पुडी सोडायला लागली. तिचे कान लाल झालेले मी तिच्या शहात्तराव्या वर्षी पाहिले. मीही त्याच खोलीत जन्मलेली, तेव्हा पुढची चौकशी केली नाही.

“किती वर्षं होतात तिथे?” मी विचारलं.

“नऊ.”

“स्वतःच्या घराची वाट नाही बघितलीत?”

“बघितली की! रोज बघितली. पण म्हणून कोणी नऊ वर्षं बोचकं बांधून बसतं का?”

हे ती नेहमीच्या ठसक्यात बोलून गेली आणि मग तिची नजर कोपऱ्यातल्या खोक्यांवर गेली. माझ्या आयुष्यात मी मोजक्या वेळा गप्प बसले आहे, त्यातली ही एक. तिने पुडीतली साखर माझ्या हातावर ठेवली, स्वतः थोडी तोंडात टाकली आणि कात्री मागितली.

खोक्याची टेप कापून तिने साड्या बाहेर काढल्या. अबोली मला परत दिली. “ती त्या भिंतीला होती. इथे दुसरा रंग घालू.” चिंतामणी रंगाची एक सुती साडी निवडली, मला चौकटीच्या मागे उभं केलं आणि टाचण्या तोंडात धरून स्वतः चुण्या घातल्या, खालून वर, बाबांच्या पद्धतीने. माझ्या चुण्यांबद्दल जे बोलायचं ते टाचण्या तोंडात असतानाच बोलली. मग कॅलेंडरासाठी, टॉर्चसाठी आणि चष्म्याच्या पिशवीसाठी पट्टीला तीन खिळे मारून घेतले. पट्टी आमची होती. त्या दिवसापासून ती पलंगावर झोपायला लागली. पावसाळ्यापर्यंत दोन खोकी आणखी उघडली, आणि शेजारच्या बाईंनी चांगल्या कपातून चहा प्यायला.

मालक जूनमध्ये गीझर बघायला आले. आडोशासमोर थांबले, मग मोबाइलचा टॉर्च लावून मागे डोकावले आणि भिंत वरपासून खालपर्यंत तपासली. “छान आहे आयडिया,” म्हणाले. टूथपेस्ट त्यांना दिसली नाही.

गणपती आणायचा की नाही यावर चर्चाच झाली नाही. आईने आदल्या दिवशी चिंतामणी साडी उतरवून घडी केली, आम्ही चौकट हॉलमध्ये नेली, तिच्यावर जरीची साडी चढली. दोन रात्री आई पांढऱ्या भिंतीशी झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मूर्ती पालिकेच्या तलावावर नेऊन विसर्जन केलं आणि पाटावर चिमूटभर माती घेऊन आले. आरती झाली, वाटली डाळ खाल्ली. जुन्या घरात यानंतर चार-पाच दिवस मखर कोणी काढायचं नाही. रिकामं दिसलं तरी आईचा हात व्हायचा नाही. बाबांनी विचारलं तर म्हणायची, असू दे गं बाई, घर ओकंओकं वाटतं. बाबांनाही ती गं बाईच म्हणायची.

मी ताटल्या घासून बाहेर आले तर ती वाकून खालचे नट सोडवत होती. जरीची साडी घडी होऊन दिवाणावर पडली होती, आणि तिच्याशेजारी चिंतामणी काढून ठेवली होती.

“अगं, आजच कशाला? उद्या काढू ना,” मी म्हटलं.

“उद्या?” ती मान वर न करता म्हणाली. “देवाला दीड दिवस दिली ना? आता माझी भिंत आहे ती, मला परत लाव. वरचे नट तू काढ, माझा हात नाही पोचत.”