आळशी सुई

भाऊजी,

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणजे हवापाण्याचं ऐकू येतं, गुडघ्यांची चौकशी ऐकू येते. शेठचं नाव काढलं की लाइन खराब होते. काल कपाट आवरताना ती पत्र्याची डबी पुन्हा हाताला लागली. उघडली नाही. आत काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. स्वतःबद्दल ऐकायची वेळ आली की पाणी प्यायला उठायची तुम्हाला सवय आहे, म्हणून सगळं तिऱ्हाइताची गोष्ट असल्यासारखं लिहिते. चष्मा लावा आणि बसून वाचा.

तर एक भाऊजी होते. बोटं कायम काळी, खिशात टेस्टर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, इंजिनाचा शोध यांच्याच घरात लागला. थोरल्या भावाच्या घराला लागून त्यांचं गॅरेज होतं. मधल्या दारातून इकडून चहा जायचा आणि तिकडून ऑइलचे ठसे यायचे. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणत. दादांची बायको म्हणजे वहिनी. ती कॉलेजात इतिहास शिकवायची आणि घरात भूगोल, म्हणजे कुठली वस्तू कुठे ठेवायची ते.

दादांची एक लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी होती. लग्नाआधी घेतलेली. सगळे तिला वहिनीची सवत म्हणायचे. त्या गाडीत माणूस बसायचा नाही, उतरायचा. डॅशबोर्डावर ऑइलच्या दाबाची एक सुई होती. गाडी सुरू झाली तरी ती शून्यावर लोळत पडायची. मग दादा काचेवर टिचकी मारायचे आणि ती अंग मोडत, कशीबशी अर्ध्यापर्यंत उठायची. 'सुई आळशी आहे' हे त्या घरातलं वेदवाक्य होतं. सकाळी कुणी उशिरापर्यंत लोळलं, तर त्याच्या कपाळावरही टिचकी बसायची.

पुढे पुढे गाडी पेट्रोलइतकंच ऑइल प्यायला लागली. मागून निळा धूर. शेजारचे मास्तर दोरीवरचे कपडे काढून नेताना वहिनीला म्हणायचे, "तुमची सवत आली वाटतं माहेराहून." भाऊजींनी इंजिन उघडलं तेव्हा आत काही उरलं नव्हतं. सिलिंडर आधीच दोनदा कातून मोठे केलेले, आणखी कातायला धातूच शिल्लक नाही. दुसरं इंजिन घालायचं ठरलं. दादांना तेव्हा बरं नसायचं, अंगणात खुर्ची टाकून दिवसभर ते गॅरेजकडे बघत बसायचे. एकदा तिचा आवाज ऐकायचाय, एवढंच त्यांचं म्हणणं.

इंजिन दिलं शेठने. शेठ म्हणजे नावाचाच शेठ. मोडीत निघालेल्या गाड्यांचं त्याचं आवार होतं आणि तो भाऊजींचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा कान साऱ्या गावात प्रसिद्ध. पान्ह्याने इंजिन फिरवायचा, ब्लॉकला कान लावायचा, डोळे मिटायचा. पसंत पडलं तर ब्लॉकवर खडूने बरोबरची खूण करायचा. खूण केलेलं इंजिन लोक डोळे झाकून नेत. पावती नाही, हमीपत्र नाही, खडू. दादांसाठी त्याने त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीतलं, त्याच बांधणीचं इंजिन काढून ठेवलं, तीनदा ऐकलं आणि खूण केली. "लेका, हे बसव आणि विसरून जा," म्हणाला.

इंजिन उघडं असताना त्याच्या प्रत्येक भोकात कापडाचा बोळा कोंबायचा, म्हणजे नट-वॉशर आत पडत नाहीत, आणि बोळ्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे तो आत राहत नाही. हा भाऊजींचा नियम. त्यासाठी वहिनीची निळ्या फुलांची जुनी चादर त्यांनी फाडून घेतली होती. शेवटच्या दिवशी अंगणात शेजारपाजार जमला होता. दादा खुर्चीतून दर थोड्या वेळाने विचारत होते, झालं का. भाऊजी एकीकडे हात चालवत होते आणि दुसरीकडे जमलेल्यांना इंजिनावर व्याख्यान देत होते. दोन्हीतलं व्याख्यान जास्त मन लावून चाललं होतं.

गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुई शून्यावर. भाऊजींनी टिचकी मारली. सुई ढिम्म. दादा खुर्चीतूनच म्हणाले, "आळशी ती आळशीच." सगळे हसले आणि भाऊजींनी ॲक्सिलरेटर दाबला. दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकने त्या क्षणी चावी फिरवून गाडी बंद केली असती. पण दुसऱ्या मेकॅनिकच्या घरात सुई आळशी नसते. थोड्याच वेळात आतून ठोके ऐकू यायला लागले, मग एक किंकाळी, आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. मास्तर म्हणाले, "भंगारातून आलं, भंगारात गेलं." दादा उठून आत गेले.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. पान्हा लावून बघितला, इंजिन हललं नाही. ब्लॉकवर त्याच्या हातची खूण तशीच होती. ती त्याने अंगठ्याने पुसली.

"माझा कान चुकला रे. भावापुढे तुझी मान खाली गेली माझ्यामुळे."

भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं एखाद्या वेळी," म्हणाले. मोठ्या मनाने माफ केलं. अंगणात तेव्हा मास्तर होते, आणखीही दोघं-तिघं होते. सगळ्यांनी ते ऐकलं.

शेठने दुसरं इंजिन आणलं, ते त्याने स्वतःच्या गाडीसाठी ताडपत्रीखाली जपून ठेवलेलं. टेम्पो स्वतः चालवत आला, पैशांचा विषय निघू दिला नाही, चहाला थांबला नाही. भाऊजींनी ते बसवलं, या वेळी तोंड बंद ठेवून. दादांना आधार देऊन वहिनीने गाडीत बसवलं. चावी फिरली आणि सुई उठली. टिचकी नाही, काही नाही. एखाद्याने नाव पुकारावं तशी ताडकन उठली आणि वर जाऊन उभी राहिली. दादा लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "सुधारली की रे ही."

भाऊजी हसले नाहीत. ते सुईकडे बघत राहिले. सुई कधी आळशी नव्हतीच. जुन्या इंजिनात दाबच हळूहळू आणि अर्धाच चढायचा, टिचकी मारा की न मारा, आणि इतकी वर्षं ती खरं तेच सांगत होती. मग त्या दिवशीही खरंच सांगत असणार.

दुपारी गॅरेजचं दार लावून त्यांनी ते जाम झालेलं इंजिन उघडलं. वहिनी चहा घेऊन मधल्या दाराने गेली तेव्हा ते जमिनीवर बसले होते. ऑइलचा फिल्टर जिथे बसतो तिथल्या भोकातून काढलेला बोळा त्यांच्या हातात होता. काळा, चेपलेला, पण एका कडेला निळं फूल ओळखू येत होतं. शेपटी आत गेली होती आणि त्यावरच फिल्टर बसवला होता. ऑइलला जायला वाटच नव्हती.

"चादर ओळखता ना, वहिनी?"

"माझीच."

"बोळा मीच घातला होता."

"मग उठा, हात धुवा आणि शेठकडे जा."

"उद्या जातो."

वहिनीला 'उद्या' हा शब्द ऐकायची सवय होती, विद्यार्थी रोज वापरायचे. तिने एक रिकामी पत्र्याची डबी शोधली, बोळा त्यात घातला आणि झाकण लावलं. शेठला दाखवायला लागेल म्हणून. ही वहिनी जरा जास्तच आशावादी होती.

उद्या झाला, परवा झाला. महिने गेले. दादा गेले. सुतकाच्या दिवसांत शेठ रोज येऊन मुकाट बसायचा आणि भाऊजी त्याच्या समोर बसवत नाही म्हणून सारखे आत-बाहेर करायचे. लोकांना वाटायचं, भावाचं दुःख.

मग एक गिऱ्हाईक गॅरेजात बोलता बोलता म्हणालं की शेठने खडू सोडला. इंजिन दाखवतो, पण खूण करत नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या म्हणतो, माझा कान आता भरवशाचा नाही. भाऊजींनी हातातला पान्हा खाली ठेवला. त्या संध्याकाळी ते आपणहून मधल्या दाराशी आले. एकट्याने तोंड उघडणार नाही, म्हणाले, तुम्ही चला बरोबर. वहिनीने चपला घातल्या, डबी पर्समध्ये टाकली आणि सवतीच्या मांडीवर जाऊन बसली.

आवाराच्या फाटकाशी गाडी पोचायच्या आतच शेठ हात पुसत बाहेर आला होता. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "काय वाजतंय बघ," म्हणाला. "माझा कान कसला, आंधळ्याने दगड मारला आणि लागला." भाऊजींनी घसा खाकरला. वहिनीने पर्सची चेन उघडली. तेवढ्यात शेठने भाऊजींच्या दंडाला धरलं आणि आत नेलं. तिथे लोखंडी घोडीवर एक इंजिन बॅटरी जोडून ठेवलेलं होतं, शेजारी एक टॅक्सीवाला ताटकळत उभा.

"तू ऐक रे हे," शेठ म्हणाला. "मला आता कळत नाही. तुझा कान चांगला आहे, तू सांग."

बोलायला याहून चांगली जागा देवानेही दिली नसती. भाऊजी वाकले. डोळे मिटले, अगदी शेठसारखे. बराच वेळ ऐकत राहिले. मग सरळ झाले, शेठने पुढे केलेला खडू घेतला आणि ब्लॉकवर खूण केली. वहिनीने पर्सची चेन लावली. घर आल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले की गिऱ्हाइकासमोर कसं बोलणार. ती म्हणाली, अंगणात माफ केलंत तेव्हाही माणसं होती.

त्यानंतर शेठ प्रत्येक इंजिनाला भाऊजींना बोलवायला लागला. आणि ते जायचे. खूण करून यायचे, आणि आल्यावर साबणाने हात धुवायचे. ऑइलचे हात कधी इतके घासले नव्हते. बोटांवर फक्त खडू असायचा.

पुढे भाऊजींनी गॅरेज आणि बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, लाल गाडीही तिकडेच गेली. शेवटी शेठने आवार विकलं. तो मुलीकडे राहायला निघाला, लांब, पुन्हा यायचं नाही असं. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी वहिनीला निरोप पाठवला: सकाळी दहाला तयार राहा, घ्यायला येतो, डबी घ्या, या वेळी बोलतोच.

वहिनी दहाच्या आधीच फाटकाशी उभी होती. पर्समध्ये डबी. उन्हाला डोक्यावर पदर. गाडी येताना ऐकू आली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, शेठने दिलेल्या इंजिनाचा, एकसारखा, स्वच्छ. कोपऱ्यापर्यंत आला. तिथे थांबला, पण बंद झाला नाही. वहिनीने फाटकाची कडी काढली. मग गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि गाडी मागे वळून, आली तशी निघून गेली.

दुपारी भाऊजींनी फोन केला. गाडी सुरूच झाली नाही, म्हणाले.