वहिनींचा साहेब

आमच्या मजल्यावरच्या वहिनींकडे दुपारी एक परका पुरुष येतो, तो इंग्रजी बोलतो, आणि तो बोलत असताना वहिनी चकार शब्द काढत नाहीत, ही बातमी तळमजल्यावरून निघून गच्चीपर्यंत पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. आमच्या इमारतीत पाणी एवढ्या जोरानं वर चढलं असतं तर पंप विकून टाकता आला असता. खालच्या शिवणवाल्या बाईंनी त्याचं हसणं ऐकलं होतं. जिन्याशेजारी राहणाऱ्या पेन्शनर गृहस्थांनी त्याच्या बुटांचा आवाज ऐकला होता, आणि बूट भारीतले होते म्हणे. वहिनींचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातला बराच काळ बाहेर. घरात फक्त सासरे, तेही अंथरुणाला खिळलेले. लोकांना आणखी काय हवं? पुढची गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या आवडीप्रमाणे लिहून टाकली.

शेजारधर्म म्हणून मी पक्कड मागायला गेलो. दार उघडंच होतं. पुरुष होता, इंग्रजी बोलत होता, बूटही खरोखर भारीतले होते. फक्त तो टीव्हीत होता.

"या, भाऊजी," पडद्यावरची नजर न काढता वहिनी म्हणाल्या. "पक्कड तुमच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात नेलीत."

तेव्हापासून त्या ब्रिटिश नटाला आमची अख्खी इमारत 'साहेब' म्हणते. खरं नाव वहिनींना येतं, पण त्या ते इतक्या हलक्या आवाजात घेतात की नवऱ्याचं नाव घेताहेत असं वाटावं. असं मी एकदा बोललो, तर आमच्या सौभाग्यवतींनी मला टेबलाखालून लाथ घातली.

वहिनी एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहेत. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी तिथे ढिगानं येतात. ओल्या चादरीचे दोन कोपरे एकीनं धरायचे, दोन दुसरीनं, आणि ती ताणून गरम रोलरच्या तोंडात द्यायची. कोपरा जरा वाकडा गेला की पलीकडून चादर अशी चुरगळून बाहेर येते, जणू रात्रभर तिच्यावर कुणी भांडलंय. हे भल्या सकाळपासून, उभ्यानं, वाफेत. दुपारी सुटल्या की चार मजले चढून घरी; तोवर सासऱ्यांकडे आमची ही अधूनमधून डोकावते. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी आहे. आता तिची अक्षरंच दुरुस्तीला आली आहेत. घरी आलं की सासऱ्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, दुधात कुस्करलेला पाव चमच्यानं भरवायचा, आणि त्यांची चादर बदलायची.

"तिकडे जगाच्या चादरी आणि घरी आल्यावर ही एक," त्या म्हणतात. "हिला रोलर नाही, एवढाच फरक."

एवढं झाल्यावर खुर्ची ओढून सासऱ्यांच्या पलंगाशेजारी बसायचं आणि साहेबाला लावायचं. दिवसातली एवढीच वेळ त्यांची. तीसुद्धा पूर्ण त्यांची नाही, कारण सासरेही बघतात.

सासऱ्यांना आम्ही घड्याळकाका म्हणतो. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. आता उजवी बाजू हलत नाही, छातीत कायम घरघर, पण डोळे आणि जीभ अजून टाइमात चालतात. इंग्रजी त्यांनाही येत नाही, वहिनींनाही बेताचंच. त्यामुळे साहेब पडद्यावर काय बोलतो हे दोघं मिळून ठरवतात, आणि बहुतेक वेळा त्यावरून भांडतात.

साहेब वहिनींना पहिल्यांदा भेटला तो लाँड्रीच्या चहाच्या खोलीत. भिंतीवरच्या टीव्हीला आवाज नव्हता. सिनेमात मोठं घर होतं, मेजवानी होती, साहेब त्या घरचा नोकर होता. पाहुणे गेले. हिरो बागेत हिरॉइनचा हात धरून काहीतरी फार महत्त्वाचं बोलत होता. मागे, काचेपलीकडे, साहेब एकेक दिवा मालवत आला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, एक बूट काढला आणि अंगठ्यानं टाच दाबत राहिला. बस. पुन्हा हिरो.

"दमलेला माणूस दाखवायचा म्हणजे कपाळावरचा घाम पुसतात, भाऊजी," वहिनींनी मला समजावलं होतं. "घाम कुणीही पुसतं. टाच दाबणारा हा पहिलाच."

दुसऱ्या कुणाला त्या सिनेमात साहेब आठवणारही नाही. त्याचं सगळं करिअरच तसं. तरुणपणी तो फौजेतला दुसऱ्या रांगेतला अधिकारी असायचा, पहिल्या रांगेतल्याला घोडा धरून देणारा. मग जरा पोट सुटलं आणि त्याला इन्स्पेक्टरची टोपी मिळाली; खुनी कोण हे त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही, कारण ते कळणं हिरोचं काम. मग वकील, मग पाद्री, मग हिरॉइनचा बाप. एकदा राजाही झाला, पण पहिल्याच जेवणात विष. वहिनी म्हणतात, त्याचं खरं काम ऐकण्याचं. दुसरा बोलत असतो आणि हा हातात टोपी धरून ऐकतो, आणि तो ऐकतोय म्हणून समोरच्याच्या बोलण्यात जीव आहे असं वाटतं. मी एकदा मुद्दाम लक्ष देऊन बघितलं. खोटं का बोलू, बाई म्हणतात ते बरोबर होतं. आमच्या घरी मी बोलताना तसं कुणी ऐकत नाही.

आणि हा साहेब मरतो. जवळजवळ प्रत्येक सिनेमात मरतो. तरुणपणी घोड्यावरून पडून, मधल्या वयात जिन्यावरून, साठीनंतर अंथरुणात. आणि तो मेला की वहिनी टीव्ही बंद करतात. तिथल्या तिथे. रिमोट उचलायचा, खट्, आणि उठून भांडी घासायला.

"मेल्यावर काय बघायचं?" त्यांचं म्हणणं. "सगळे आपले त्याच्याशिवाय बोलत बसतात."

याचा परिणाम असा की इतक्या सिनेमांपैकी एकाचाही शेवट त्यांना माहीत नाही. खून कुणी केला, लग्न कुणाशी झालं, लढाई कोण जिंकलं, काही पत्ता नाही. आणि बिचारे घड्याळकाका! पडल्या जागेवरून ओरडतात, "अगं, पुढचं तरी बघू दे! अर्धं उघडलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देतात का?"

"तुमचं घड्याळ चालतंय ना, मग झालं," वहिनी आतून म्हणतात.

नवरा तसा अबोल, पण ट्रक घेऊन जिथे जाईल तिथून साहेबाची एखादी डिस्क आणतो. डब्याच्या मागे बारीक फोटो असतात, त्यात तो चेहरा शोधायचा. एकदा त्यानं भलत्याच नटाची डिस्क आणली. मिशा सारख्या होत्या. वहिनींनी त्याच्याशेजारी बसून तो सिनेमा अगदी शेवटपर्यंत बघितला, 'छान आहे' म्हणाल्या, आणि त्याला कधी कळू दिलं नाही. त्याला अजून वाटतं तो साहेबच होता. मी सांगणार होतो, पण पुन्हा टेबलाखाली लाथ बसली.

तर मागच्या हिवाळ्यात बातमी आली की साहेब आता म्हातारा झाला, काम थांबवतोय, आणि त्याचा शेवटचा सिनेमा भाजीबाजारामागच्या थिएटरात लागलाय. एकच खेळ, दुपारचा, आठवडाभर. त्यात तो चक्क मुख्य भूमिकेत. जन्मभर घोडा धरला, आता कुठे त्याला बसायला मिळालं.

वहिनींनी साहेबाला मोठ्या पडद्यावर कधीच बघितलं नव्हतं. जे बघितलं ते खोक्याएवढं, आणि तेही सासऱ्यांच्या खोकल्याच्या वरचा आवाज लावून. मागायचं म्हणून त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र आमच्या दारात उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

"भाऊजी, सुट्टीच्या दिवशी दुपारी मामंजींपाशी बसाल? एकदा त्याला मोठा बघायचाय. पुन्हा काही तो यायचा नाही."

मी काहीतरी चावट बोलणार तेवढ्यात आमची ही म्हणाली, "बसतील. आणि मी येते तुझ्याबरोबर. एकटी कशाला?"

म्हणजे मला कुणी विचारलंच नाही.

त्या दुपारी वहिनी इस्त्री केलेली साडी नेसून निघाल्या. ज्या बाईच्या हातून रोज एवढं कापड कडक होऊन बाहेर पडतं, तिला मी त्या दिवसापर्यंत कधी इस्त्रीत बघितलं नव्हतं. निघताना मला सूचना: कधी वळवायचं, उशी कुठे लावायची, पाणी चमच्यानं, घाई नाही. घड्याळकाका पलंगावरून बजावत होते.

"शेवट बघ हां! थिएटरात तुझ्या हातात रिमोट नाही. शेवट बघ आणि मला येऊन सांग. एक तरी शेवट मला ऐकू दे, मी जायच्या आधी."

"बघते हो, मामंजी."

"शब्द दे."

"दिला."

त्या गेल्यावर आम्ही दोघं पुरुष एकमेकांकडे बघत बसलो. मी काकांना वळवायला गेलो आणि मला घाम फुटला. माणूस हाडांचा सापळा, पण वजन ओल्या गादीचं. एक हात कुठे जातो, पाय कुठे राहतो. ते वरून सल्ले देताहेत, "अरे, स्प्रिंग तुटेल, हळू!" हे वहिनी वाफेत तासन्‌तास उभं राहून आल्यावर रोज करतात, आणि वर बोलतातही. मी एकदाच केलं आणि माझी विनोदबुद्धी खुर्चीत बसून धापा टाकायला लागली.

"ती दमलीय रे," काका छताकडे बघत म्हणाले. "मला कळतं. पण मी सांगितलं तर आणखी दमेल."

मी त्यांना पाणी दिलं, चमच्यानं.

आता खेळ अर्ध्यावर आला असेल असा हिशेब मी करत होतो, तोच जिन्यात पावलं वाजली. वहिनी. एकट्याच. आल्या त्या सरळ मोरीवर, हात धुतले, आणि काकांची उशी नीट केली. मी लावलेली उशी त्यांना एका नजरेत खटकली होती.

"झाला सिनेमा?" काकांचे डोळे चमकले. "काय झालं शेवटी?"

वहिनींनी त्यांच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. "छान झाला. घरी गेला, बूट काढले आणि शांत झोपला."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी मान हलवली. तो शेवट ते बराच वेळ तोंडात घोळवत होते. मला मात्र काहीतरी गडबड वाटली, कारण खेळ सुटायची वेळ अजून झाली नव्हती, आमच्या सौभाग्यवतींचा पत्ता नव्हता, आणि ती बाई पडद्यावरची शेवटची पाटी वाचल्याशिवाय थिएटरातून उठत नाही.

ती आली ती चांगल्या तासाभरानं, आणि दारातूनच ओरडत. "अगं, मेला नाही! मेला नाही गं तो!"

मग सगळं बाहेर आलं. मध्यंतराच्या जरा आधी साहेब रुमालात खोकला, रुमाल उघडून बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. वहिनी म्हणाल्या, "हा खोकला मी ओळखते," आणि उठल्या. आमची ही त्यांचा पदर धरत होती, पण त्या अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघूनही गेल्या. आणि पुढे काय? साधी सर्दी! डॉक्टर येतो, औषध देतो, साहेब बरा होतो. शेवटी तो घरामागच्या बागेत खुर्चीवर बसतो आणि एक संत्रं सोलतो. सावकाश, एकेक फोड, बिया हातात काढून. अख्खं संत्रं खातो आणि पडदा पडतो. जन्मभर प्रत्येक सिनेमात मेलेला माणूस या एकात मरत नाही, आणि वहिनी नेमक्या त्यातूनच उठून आल्या.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. साहेब पडद्यावर बोलताना ऐकतात तशाच.

"म्हणजे तू मला थाप मारलीस," काका म्हणाले. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांच्या गालाची चांगली बाजू हसली. "जन्मभर एक शेवट मिळेना, आज दोन मिळाले. बियासुद्धा खाल्ल्या का गं त्यानं?"

"नाही हो काका, हातात काढल्या," आमची ही म्हणाली.

थिएटरात सिनेमाचा एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जिन्यात भेटल्या, डबा हातात, लाँड्रीला निघालेल्या. मला राहवेना.

"काय वहिनी, एवढ्या वर्षांत एकदा जगला, आणि तुम्ही त्याला अर्ध्यात टाकून आलात! साहेब काय म्हणेल? आज दांडी मारा, जा, मी बसतो काकांपाशी. या वेळी शेवटपर्यंत बघा."

वहिनी एक पायरी खाली उतरल्या, थांबल्या, डबा या हातातून त्या हातात घेतला, आणि म्हणाल्या,

"शेवटपर्यंत बसायचं काम मी घरी करतेच आहे, भाऊजी. सिनेमातून तरी मला मधेच उठू द्या."