वरच्या बोअरमधलं डिझेल

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, म्हणून आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या फजितीचे प्रकार बरेच आहेत, पण जिच्यासाठी मला शाल-नारळ मिळाला अशी फजिती एकच.

त्याचं असं झालं. चाकूरच्या अलीकडं एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची डिझेलची टाकी गळली. डिझेल मुरत मुरत भूजलात कुठवर गेलं, हे बघायचं काम आमच्या लातूरच्या ऑफिसकडं आलं. बोअर मारायची, दोरीला नळी बांधून आत सोडायची, पाणी काढायचं, बाटलीत भरून लॅबला द्यायचं. दोन बोअर पंपाच्या खालच्या अंगाला, कारण पाणी उताराकडंच जातं. तिसरी वरच्या अंगाला, गयामावशींच्या शेतात. तिथं डिझेल असायचं काही कारणच नव्हतं. ती नुसती ताडून बघायला.

आता या मावशींच्या विहिरीवर अख्खी वस्ती प्यायचं पाणी भरते, आणि आमची बोअर त्या विहिरीपासून वीस पावलांवर. त्यामुळं पहिल्या दिवसापासून मावशींचा एकच घोर.

"साहेब, आमच्या हिरीत तर न्हाई ना आलं ते? लेक बाळंतपणाला आलीय माझी."

"मावशी, मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

नमुना घ्यायच्या दिवशी मी निळे हातमोजे चढवले. बोअरमधलं साचलेलं पाणी नियमाप्रमाणं आधी उपसून टाकलं. आता फक्त बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात बघतो तर विहिरीवरचं डिझेल इंजिन रुसलेलं. मावशींचे दीर नामदेवआप्पा हॅन्डल मारून मारून घामाघूम झाले होते.

"हवा धरलीय त्यानं," मी लांबूनच निदान केलं. अहो, मी बिलोलीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. बंद इंजिन दिसलं की माझं भूगर्भशास्त्र गप्प बसतं आणि अंगात बाप संचारतो. गेलो, नट ढिला केला, पाइपमधली हवा काढली, हॅन्डल मारलं. पहिल्या झटक्यात चालू.

"लई हुशार गडी हाय की वो," आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

झालं. त्याच तोऱ्यात परत येऊन मी बाटल्या भरल्या. मावशींनी चहा आणला, तोसुद्धा हातमोजे न काढताच घेतला. कारण कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं आणि निळा रंग मला शोभून दिसत होता.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. दोन दिवस पंपावर बोअर मारून डिझेलचा वास माझ्या नाकातच मुक्कामाला होता.

रिपोर्ट आला. वरच्या बोअरमध्ये डिझेल.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? गुपचूप दुसरा नमुना घेतला असता. मी सिद्धांत मांडला. खडकाला भेगा आहेत, त्या उलट्या गेल्यात, आणि इथलं पाणी चढाला चाललंय. लातूरला ऑफिसात आमच्या सरांच्या समोर फळ्यावर चित्र काढलं, बाण दाखवले.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पाणी चढाला जातंय?"

"जातंय, सर."

"बरं. दुसरा नमुना घेऊन ये. आणि तोवर त्या लोकांना विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांग."

ते सांगायला मीच गेलो. वस्तीनं विहीर बंद केली. बायका रस्त्यापलीकडच्या हातपंपावरून घागरी वाहू लागल्या. बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या पाण्यासाठी मावशींच्या दिवसाला चार-चार खेपा. मला बघितलं की घागर दुसऱ्या कडेवर घेऊन पुढं चालू लागायच्या, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरा नमुना घेतला. इंजिन त्या दिवशी बिनतक्रार चालू होतं, त्यामुळं मला हुशारी दाखवायला वाव नव्हता. या वेळी बोअरचाही घेतला आणि विहिरीचाही. दोन्ही स्वच्छ. डिझेलचा मागमूस नाही.

खरं सांगतो, तो कागद घेऊन मी मोटरसायकलवर वस्तीपर्यंत गात गेलो. सिद्धांत गेला खड्ड्यात, मावशींचं पाणी वाचलं होतं. मी पोचलो आणि अर्ध्या तासात विहिरीवर ही गर्दी. लगोलग मारुतीच्या पारावर माझा सत्कार. आप्पांनी भाषण केलं, "साहेबांनी थोडक्या दिसात आपल्या हिरीतलं डिझेल काढून दावलं." टाळ्या पडल्या. खुलासा करायला मी उठलो होतो, देवाशप्पथ. पण तेवढ्यात खांद्यावर शाल पडली आणि मी खाली बसलो.

तरी एक कोडं राहिलंच होतं. नंतर मावशींच्या ओसरीवर बसल्यावर मी सहज म्हणालो, "मावशी, पहिल्या वेळी ते डिझेल आलं तरी कुठून असेल?"

मावशी कप पुढं करता करता थांबल्या.

"आता इचारायलाव म्हणून सांगते. त्या दिशी इंजिनाचं डिझेल तुमच्या त्या निळ्या मोज्याला लागलं हुतं. माझ्या कपालाबी वास लागला. चार बार राखंनं घासला, तवा गेला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी एवढे शिकलेले. मला वाटलं, डिझेल हुडकायला डिझेलाचाच हात लागत असंल."

मी खांद्यावरची शाल काढून घडी घालायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या वो अंगावर," मावशी म्हणाल्या. "आप्पाला न्हाई सांगत मी. फकस्त हात दावा आधी."

मी दोन्ही हात पुढं केले. मावशींनी वाकून वास घेतला, आणि मगच चहा दिला.