सिल्वेरियोच्या अंगणातला शेवगा

"ढोली कधी रिकामी राहत नाही," असं सिल्वेरियो सारखं म्हणायचा. जाळं विणताना म्हणायचा, जेवताना म्हणायचा, मयताला गेला तरी म्हणायचा. लोकांना वाटे, म्हाताऱ्याची सवय. तो हे कुठून शिकला, ते फक्त त्याच्या धाकट्या बहिणीला, पासिताला, ठाऊक होतं.

पलावान बेटावरच्या आमच्या किनाऱ्यासमोर आणखी एक लहान बेट आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. तिथं रानबदामाचं एक जुनं झाड. फुललं की कुजल्या मांसासारखा वास सुटतो. त्याच्या उंच ढोलीत पांढऱ्या काकाकुआंची जोडी दरसाल अंडी घालायची. बुंध्यावर सिल्वेरियोच्या बापाच्या कोयत्याची खूण होती, म्हणून ते झाड त्यांचं. दुसरा कोणी चढायचा नाही. पिल्लं काढून विकायची, पण एक आत ठेवायचं, म्हणजे जोडी पुन्हा येते, हा बापाचा नेम. एका वर्षी सिल्वेरियोनं तो मोडला. तिन्ही पिल्लं काढली.

पुढची अकरा वर्षं जोडी आली नाही. पण दिवस कलल्यावर झाडाखाली उभं राहिलं की ढोलीतून भुकेल्या पिल्लाची घरघर ऐकू यायची. एकदा त्यानं चढून हात घातला. आत काही नव्हतं. फक्त तळ उबदार होता, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.

त्यानंतर त्यानं कुठल्याच पिल्लाला हात लावला नाही. पुढे गावानं पाखरांचा राखणदार म्हणून त्यालाच नेमलं, तेव्हा पासिता हसली होती, "चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या की रे दादा!"

यंदा जोडी परतली. अंडी तीन, जगलं एकच. आणि पावसानं दडी मारली. काकाकुआंचं कोरड्या दिवसांतलं पोट शेवग्याच्या बियांवर, आणि बेटावरच्या शेवग्यांना शेंगच धरली नाही. गावात दारोदारी शेवगा, पण रश्श्यासाठी पाला ओरबाडून प्रत्येक झाड बोडकं. न छाटलेलं, शेंगांनी लगडलेलं झाड एकच, सिल्वेरियोच्या अंगणातलं. पासिता कोयता घेऊन आली की तो आडवा यायचा.

"पाखरांसाठी राखतोस, आणि बहिणीनं नुसता भात गिळायचा?"

"पाला हवा तर माझ्या डोक्यावरचे केस ने."

"तिथं तर आधीच दुष्काळ."

एके दिवशी जोडी पाणी ओलांडून आली आणि समोरच्या माडावर बसली. एरवी कलकलाट करणारी पाखरं, पण आवाज नाही. सिल्वेरियो पायरीवर बसला होता. ती शेवग्याकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. तो आत गेला, तर खिडकीकडे पाहू लागली. मागच्या दारी गेला, तर बसल्या जागी माना वळल्या. पासिता खाली धुणं वाळत घालत होती, तिची त्यांना फिकीर नव्हती. त्यातलं एक शेवग्याच्या फांदीपर्यंत आलंही. सिल्वेरियो खोकला, तसं ते परत माडावर. तिन्हीसांजेला दोन्ही उपाशी गेली.

त्यानं शेंगा तोडून बेटावर नेऊन बांधल्या. त्या तशाच लोंबत राहिल्या. त्याचा हात लागलेलं ती चोचीत घेईनात.

चौथ्या दिवशी तो ढोलीपर्यंत चढला. पिल्लाच्या गळ्याची पिशवी पार चिकटली होती. बोट लागताच ते घरघरलं. सिल्वेरियोनं हात मागे घेतला. अकरा वर्षं ऐकलेला आवाज तो हाच.

घरी येऊन त्यानं चटई गुंडाळली, भाताचं मडकं उचललं.

"कुठं निघालास, दादा?"

"डोंगराकडच्या झोपडीत. पिल्लू उडेपर्यंत."

"पाखरांपायी स्वतःचं घर सोडतोस?"

"मी दिसतो तोवर ती खायची नाहीत. पाल्याला कुणी आलं तर हाकल. तूही तोडू नकोस."

"अरे, पण ओस घर बरं नाही. आत काय येऊन बसेल, कोण जाणे!"

सिल्वेरियोनं तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य काही आलं नाही. तो पायऱ्या उतरला आणि बांधावरून चालू लागला.

पासिता पायरीशी उभी राहून बघत होती. माडावर दोन पांढऱ्या माना त्याच्यामागे हळूहळू वळत होत्या. तो बांबूंच्या आड दिसेनासा झाला, तरी त्या तिकडेच होत्या. बऱ्याच वेळानं शेवग्यात शेंग कडकन फुटली. पासितानं वर पाहिलं. एक पाखरू खात होतं. दुसरं अजून माडावर बसून त्या वाटेकडे पाहत होतं.